खिंडीतला अ‍ॅस्टर

९ फेब्रुवारी

प्रिय भिंगवाली,

हे पत्र फाडायचंच असेल तर आधी दुसरं पान वाचून घे. कामाचं सगळं तिथे आहे. या पानावर नुसतं म्हाताऱ्याचं रडगाणं आहे.

तुझ्या लेखावर संपादकांना मत कळवणारा मीच. मत देणाऱ्याचं नाव ते गुप्त ठेवतात, पण तू ओळखलंसच. 'सबब ही स्वतंत्र जाती मानता येत नाही' असं आजच्या जगात माझ्याशिवाय कोण लिहितो? त्या एका 'सबब'पायी तू घराची किल्ली चपलांच्या कपाटावर ठेवून निघून गेलीस. ती अजून तिथेच आहे. आमची ही तिच्याभोवतीची धूळ पुसते, पण किल्ली उचलत नाही.

हिचं म्हणणं, दुसरा कोणी असता तर त्याने डोळेझाक केली असती. एकुलता एक मुलगा गेला, त्याच्या बायकोने डोंगरातल्या एका जांभळ्या फुलाला त्याचं नाव द्यायचं ठरवलं, आणि सख्ख्या बापाने त्यात पाय घातला. शेजारीपाजारी असंच बोलत असणार. बोलोत. मला त्याचं काही वाटत नाही. मत मागितलं, मत दिलं.

आता कामाचं.

तू लिहितेस, खिंडीतला अ‍ॅस्टर वेगळा. वीतभर उंची, सरळ एकच देठ, त्यावर एकच फूल, पानं जाड. खालच्या कुरणातला कमरेइतका वाढतो आणि त्याला वर फांद्या फुटून फुलांचा घोस येतो. मी म्हटलं, झाड एकच, वरच्या वाऱ्याने आणि थंडीने खुरटलेलं. माणूसही गारठ्यात अंग आखडून बसतो, म्हणून तो काही वेगळ्या जातीचा होत नाही. यावर तू जे बोललीस ते मला पाठ आहे. 'बाबा, चाळीस वर्षं तुम्ही कागदावर चिकटवलेली झाडं बघितलीत. जिवंत झाड तुम्हाला कळत नाही.' लागलं मला. पण लागलं म्हणून ते खोटं असं मी म्हणणार नाही.

तर आता जिवंत झाडंच बघू. दोन्ही जागांचं बी एकाच मातीत, एकाच गॅलरीत, एकाच पाण्यावर वाढवायचं. खिंडीतली झाडं इथेही बुटकी राहिली, तर तो बुटकेपणा त्यांच्या रक्तातलाच. मग फूल वेगळं आणि नाव त्याचं. वाढून कुरणातल्यांच्या बरोबरीला आली, तर दोष वाऱ्याचा आणि माझं म्हणणं खरं.

बी कुठून आणलं हे तू विचारणार. शेवटच्या खेपेला तो तुझ्यासाठी जे गोळा करायला गेला होता, तेच. दरडीखालून त्याची पाठपिशवी निघाली, ती आमच्याकडे आली. पिशवीच्या आतल्या खिशात दोन पुड्या होत्या. एकीवर 'खिंड', दुसरीवर 'कुरण', त्याच्या त्या मुंग्यांसारख्या अक्षरात. तुला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मी सांगितलं नाही.

या बियांना रुजण्याआधी थंडी लागते. म्हणून ओल्या वाळूत घालून ती फ्रीजमध्ये ठेवली आहेत, लोण्याच्या डब्याशेजारी. ही रोज फ्रीज उघडून बघते आणि दार जरा हळूच लावते.

उत्तर नको. झाडं काय म्हणतात ते कळवत जाईन.

बाबा

२० एप्रिल

प्रिय भिंगवाली,

डझनभर कुंड्या, सगळीकडे रोपं तरारली आहेत. आत्ता तरी एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. तू असतीस तर भिंग डोळ्याला लावून पानाच्या कडेची लव बघत बसली असतीस, आणि चहा गार झाला म्हणून हिची बोलणी खाल्ली असतीस.

एक गोष्ट मी पक्की केली आहे. कोणत्या कुंडीत खिंडीतलं बी आहे ते मला माहीत नाही. मुद्दामच. माझं मत मी आधी देऊन बसलोय, तेव्हा पट्टी हातात घेतली की माझा हात माझ्याच बाजूला झुकणार. म्हणून पेरणी हिच्याकडून करून घेतली. मी आतल्या खोलीत बसलो आणि हिने दार ओढून घेऊन दोन्ही पुड्यांतलं बी पेरलं. खिंडीतल्या कुंड्यांची खूण तिची तिला माहीत. मी फक्त दर रविवारी उंची मोजायची. पाणीही तीच घालते, कारण माझा गुडघा खाली बसू देत नाही.

हिला ही कल्पना पटायला वेळ लागला. म्हणाली, "म्हणजे तुमचा तुमच्यावरच भरवसा नाही?"

मी म्हटलं, "शास्त्रात असाच नसतो."

"आणि माझ्यावर आहे?"

"तुला कशाचं काय पडलंय? तू आपली तटस्थ."

त्यावर ती हसली की काय ते मला दिसलं नाही. ती पाठमोरी होती.

गॅलरीत कपडे वाळत घालायला आता जागा उरलेली नाही. ओले टॉवेल तुमच्या खोलीत दोरी बांधून टाकतो. तुझ्या टेबलावर पाणी ठिबकू नये म्हणून त्यावर जुनं प्लॅस्टिक पसरलंय. तुझे ब्रश आणि चिमटे होते तसेच आहेत.

वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई विचारत होत्या, एवढ्या कुंड्यांतून काय लावलंय म्हणून. मी म्हटलं, गवत. अर्धा तास समजावून सांगण्यापेक्षा ते बरं. ही मात्र लगेच म्हणाली, "गवत नाही. आमच्या मुलाने आणलेलं बी आहे."

बाबा

११ जुलै

माझ्या गुणी मुली,

खुर्चीत बसवत नाहीये, म्हणून उभ्यानेच लिहितोय. अक्षर समजून घे.

निम्म्या कुंड्या बुटक्या राहिल्या! जूनच्या मध्यापर्यंत सगळी बरोबरीने वाढत होती, आणि मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडून जिंकून बसलो होतो. मग फूट पडली. निम्म्या झाडांनी माझ्या गुडघ्याच्या वर मान काढली आणि निम्मी वीतभरावर थांबली ती थांबलीच. दोन रविवार मी पट्टीवर विश्वास ठेवला नाही, तिसऱ्या रविवारी हिला हाक मारली. विचारलं, "आता सांग, बुटक्या कुठल्या?"

ती पदराला हात पुसत आली. एकेका कुंडीला बोट लावत म्हणाली, "ही खिंडीतली. ही खिंडीतली. हीसुद्धा." एकही चुकली नाही. सगळ्या बुटक्या खिंडीतल्या, आणि सगळ्या उंच कुरणातल्या.

मी हरलो. असा हरलो की लहान पोरासारखा गॅलरीत नाचायचा बाकी राहिलो. एवढ्या वर्षांत कोणाच्या चुका काढल्या नाहीत सांग! नाकाने कांदे सोलत जन्म गेला. आणि आज माझी स्वतःची चूक निघाली तर वाटलं, कोणीतरी छातीवरचा धोंडा काढला.

आता खरं सांगतो. फेब्रुवारीत लिहिलं होतं की मला काही वाटत नाही. साफ खोटं. तुझा लेख वाचताना त्या फुलाच्या नावाशी आलो, तिथे त्याचं नाव लॅटिन शेपूट लावून छापलेलं बघितलं, आणि पानं मिटून सरळ भाजी आणायला गेलो. भाजी न घेताच परत आलो. मला ते नाव तिथे हवं होतं. तुझ्याइतकंच हवं होतं. म्हणूनच तर माझ्या मताचा मला भरवसा वाटेना, आणि मी जरा जास्तच कडक लिहिलं.

कालच संपादकांना पत्र टाकलं, माझी हरकत मी मागे घेतो म्हणून. तुझ्या लेखाचा मार्ग मोकळा झाला. हिला सांगितलं तेव्हा मला वाटलं ती रडेल. ती नुसतीच 'बरं' म्हणाली. चहात साखर घालायला मात्र विसरली.

ये ना. फुलं यायच्या आधी ये किंवा नंतर ये, पण ये.

तुझा हरलेला बाबा

२६ जुलै

प्रिय भिंगवाली,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या महिन्यांनी तुझं अक्षर दारात पडलेलं बघून आम्ही दोघं एकदमच खाली वाकलो. हिने आधी उचललं.

आभार नाहीत, अभिनंदन नाही. दोनच ओळी: 'बुटक्या झाडांना बुडापासून किती देठ आहेत? खिंडीत एकच असतो. शेंडे भिंगाखाली बघा.'

शाबास. तुझ्या मनासारखा निकाल आला, तर तूच त्यावर शंका काढतेस. दुसरी कोणी असती तर तिने पेढे... जाऊ दे. तुला घडवलं कोणी, असं विचारणार होतो, पण ते तुझ्या गुरूंनी विचारायचं.

तर बघितलं. बुटक्या झाडांना बुडापासून पाच-सहा देठ आहेत. झुडपासारखी दाट झाली आहेत ती. हे मला रोज दिसत होतं आणि तरी दिसलं नव्हतं, कारण मी फक्त उंची मोजत होतो. शेंड्यांशी तपकिरी टोकं आहेत, वाढ तिथे खुंटलेली आहे. अळी पडली असावी. या दिवसांत पडते. कडुनिंबाचं पाणी मारून बघतो आणि कळवतो. घाईने काही ठरवू नकोस.

बाबा

२ ऑगस्ट

प्रिय भिंगवाली,

अळी नाही. 'अळी पडली असावी' असं लिहितानाच मला ते ठाऊक होतं. अळी कुरतडते तेव्हा कड दातेरी होते. हे शेंडे साफ तुटलेले होते, दोन नखांच्या चिमटीत धरून खुडलेले. माळी झाड दाट व्हावं म्हणून खुडतो, अगदी तसे. आणि अळीला कुंड्यांची खूण माहीत नसते. तिने कुरणातली एवढी कोवळी झाडं सोडून नेमकी खिंडीतलीच का खाल्ली असती? कुंपणानेच शेत खाल्लं होतं. पण हे कागदावर उतरवायला मला आठवडा लागला.

सकाळी ही पाणी घालायला गेली तेव्हा मी दाराआड उभा राहिलो. चोर पकडायला उभं राहावं तसा, स्वतःच्या बायकोच्या मागे. तिने झारी खाली ठेवली. एका बुटक्या झाडाची पानं हलकेच बाजूला केली, नवीन कोंब शोधला आणि खुडला. खुडलेला तुकडा टाकला नाही. तळहातावर घेऊन बघत राहिली.

मी म्हटलं, "कधीपासून?"

ती दचकलीसुद्धा नाही. "वाढायला लागली तेव्हापासून."

"अगं, पण का?"

"का म्हणजे? तुम्हीच तर सांगितलंत, बुटकी राहिली तर नाव त्याचं. वाढली तर नाही. मग मी वाढू देईन का?"

"हे शास्त्र आहे. असं ढकलून चालत नाही त्याला."

"तुमच्या शास्त्रात हजारो फुलं आहेत. एक जास्त झालं तर कोणाचं काय बिघडतं? रस्त्यांना नावं देतात, पुलांना देतात. त्यातले निम्मे लोक कोण होते तेसुद्धा कोणाला माहीत नसतं. माझ्या मुलाचं नाव एका एवढ्याशा फुलाला लागलं असतं, तर आभाळ कोसळलं असतं?"

मग माझ्या तोंडून निघून गेलं, "मी तुला तटस्थ समजलो होतो."

हे ऐकल्यावर मात्र ती चिडली. तिला एवढं चिडलेलं मी क्वचितच बघितलंय. "तटस्थ? मी त्याची आई आहे! तुम्हाला तुमच्यावर भरवसा नव्हता कारण तुम्ही बाप. आणि मी कोण? पाणी घालणारी बाई?"

तिच्या हातात अजून तो कोंब होता. मी तिथेच, गुडघ्याची पर्वा न करता, कुंड्यांमध्ये बसलो. मग तीही बसली. म्हणाली, "आता नाही खुडणार." मी म्हटलं, "बरं." मला उठवायला तिलाच हात द्यावा लागला.

संपादकांना मी पुन्हा लिहिलं आहे: चाचणीत बाहेरचा हात लागला, निष्कर्ष धरू नये, फुलं येईपर्यंत थांबावं. हात कोणाचा ते लिहिलं नाही. तुला मात्र सांगितलं पाहिजे, कारण लेखावर नाव तुझं आहे. हिच्यावर रागावू नकोस. चूक कोणाची असेल तर माझी. पुस्तकातला नियम मी अक्षरशः पाळला, आणि निकालाचं सर्वांत जास्त ज्याला पडलं होतं त्याच माणसाच्या हातात खूण दिली.

फुलं सप्टेंबरात येतील. खुडलेली जरा उशिरा.

बाबा

२८ सप्टेंबर

प्रिय भिंगवाली,

शनिवारी येतेस हे कळलं. 'फक्त फुलं बघायला, संध्याकाळच्या गाडीने परत' हेही कळलं. तू येऊन स्वतः बघशीलच, पण दारात पाऊल ठेवताना तुझ्या मनात खोटी आशा नसावी, म्हणून आधी लिहितो.

खुडणं थांबल्यावर महिन्याभरात खिंडीतली झाडं उफाळली. आता ती कुरणातल्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी आहेत. पानं पातळ, वर फांद्या, फांद्यांवर घोस. उंची म्हणजे सगळं नव्हे, हे तूच मला कार्डावर शिकवलंस, म्हणून फुलं उलटी करून बघितली. अ‍ॅस्टर वरून कोणालाही सारखाच दिसतो, जांभळ्या पाकळ्या आणि मध्ये पिवळी टिकली. खरी ओळख पाठीमागे, त्या हिरव्या खवल्यांच्या वाटीत. खवल्यांच्या ओळी किती, टोकं बाहेर वळतात की चिकटून राहतात, लव कुठपर्यंत आहे, हे मी फुलामागून फूल तपासलं. शिक्षिकाबाईंचं भिंगही मागून आणलं, न जाणो माझ्याच भिंगात दोष असला तर.

काहीही फरक नाही. झाड एकच आहे. खिंडीत वारा असतो, एवढंच.

माझं खरं ठरलं. आयुष्यात इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. मला हरायचं होतं, पोरी. जुलैत मी पंधरा दिवस हरलेला होतो, त्यानंतर एवढं सुख कधी मिळालं नाही.

तू लेख मागे घेशील. तू काय करशील हे मला विचारावं लागत नाही, आणि तुझ्याबद्दल मला जो अभिमान वाटतो तो हाच. तो गेला तेव्हा मी तुझ्याशी फुलाबद्दल वाद घातला. दुसरं काही बोलायला मला जमलं नाही. तुलाही नसेल जमलं. आपण दोघं खवल्यांच्या ओळी मोजत बसलो आणि ही स्वयंपाकघरात एकटीच राहिली.

पत्र पाकिटात घालत होतो तर ही म्हणाली, खाली जागा सोडा, मला लिहायचंय. मी काही वाचणार नाही, असं कबूल करून घेतलं आहे.

बाबा

मुली,

मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही. शेंडे मी खुडले. तुझ्या कामाचा खोळंबा झाला, त्याचं मला वाईट वाटतं. खुडल्याचं वाटत नाही. खोटं कशाला सांगू?

फुलं छान आली आहेत. ती बघायला दहा मिनिटं लागतात. संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढू नकोस. तुमची खोली मी मोकळी केली आहे, टॉवेल काढले, दोरी सोडली. गादीला ऊन दिलं.

तुम्ही दोघं खरं बोलणारी माणसं. बोलून झालं ना आता खरं? मग माझं ऐक. या घरात त्याचं नाव कोणी घेत नाही. मी घेतलं की हे उठून गॅलरीत जातात. शेजारी घेत नाहीत, मला रडू येईल म्हणून. मी मनातल्या मनात घेते, पण मनातलं ऐकू येत नाही. परवा भांडी घासताना मी मुद्दाम मोठ्याने हाक मारली, तर माझाच आवाज मला ओळखू येईना.

फुलाला नाही दिलं तर नाही. मला ते नाव छापलेलं नकोच होतं, कोणीतरी घ्यायला हवं होतं. तू कशी हाक मारायचीस, शेवटचं अक्षर लांबवून, जिन्यापासून ऐकू यायची. मी ओट्याशी असायचे आणि मला कळायचं, आले दोघं.

शनिवारी आलीस की घंटी वाजवू नकोस. जिन्यातूनच हाक मार. त्याला मारायचीस तीच.

आई